पिना कोणी दाखवल्या?

बडनेऱ्याहून निघालेली आमची गाडी पुण्याच्या फलाटाला लागली, तेव्हा माझ्या यादीतल्या सव्वीस गोष्टींपैकी पंचवीस जागेवर होत्या. सव्विसावी गोष्ट म्हणजे वसंतमामा. वय ऐंशी. ते गाडी थांबण्याआधीच डब्याच्या दारात जाऊन उभे होते. "मंदे, उतर लवकर! रनवेवर जास्त वेळ थांबू नाही!" असं ते इतक्या जोरात ओरडले, की आमच्या मागच्या चार अनोळखी माणसांनीही घाईघाईने बॅगा उचलल्या.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी ते हवाई दलात इंजिन फिटर होते आणि पुण्याच्या लोहगाव तळावर एका बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये (बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीत) त्यांची नऊ वर्षं गेली. मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळांच्या सामानाच्या नोंदी ठेवते. माझ्या ताब्यातली काचेची नळीसुद्धा कधी हरवलेली नाही. त्यामुळे मामांना पुण्याला नेऊन परत आणण्याचं काम घरच्यांनी एकमताने माझ्यावर सोपवलं.

त्यांना जायचं होतं एका फोटोसाठी. त्यांच्या स्क्वाड्रनचा इतिहास पुस्तकरूपात निघतो आहे. लिहिणारे निवृत्त अधिकारी स्वतः त्याच तुकडीत नॅव्हिगेटर (विमानाची वाट आखणारे) होते. त्यांनी कच्ची प्रत जुन्या लोकांना पाठवली होती. दोनशे पानं! जुनी पंख्यांची विमानं, मग दोन जेट इंजिनांची कॅनबेरा, युद्धातल्या रात्री, वैमानिकांचं चित्तथरारक परतणं, सगळं होतं. ग्राउंड क्रूबद्दल (जमिनीवर राहून विमान तयार करणाऱ्या मंडळींबद्दल) मात्र एकच वाक्य होतं: "ग्राउंड क्रूनेही मोलाची साथ दिली." आणि एक फोटो. फोटोत समोर विमानाचं नाक, त्याच्यापुढे आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एक माणूस, त्याचा उजवा हात वर आणि मुठीत फितींचा झुबका. खाली ओळ: "विमानाला निरोप देताना एक जवान."

मामांनी लगेच कळवलं, "तो मी." त्यांच्याच ग्राउंड क्रूमधल्या पुण्याच्या देवधरांनीही त्याच दिवशी कळवलं, "तो मी." लेखकसाहेबांनी दोघांना फोन केला. छापखाना रविवारी सकाळी मजकूर घेणार होता. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत दोघांनी मिळून एक नाव द्यावं, नाही तर "एक जवान" तसाच राहील.

"देवधरचं नाव आलेलं मले चालणार नाही," मामा गाडीत मला सांगत होते. "पण 'एक जवान' तर बिलकूलच नाही. दोनशे पानांत आमचा एकच फोटो आहे नं! त्यालेही नाव नसलं, तर आम्ही तिथे होतो कशावरून?"

हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. त्यापुढे वार आणि वेळ लिहिली: शनिवार, सहा.

शुक्रवारी आम्ही खराडीला माझ्या भाचीकडे, ऋताकडे उतरलो. ती आयटीत आहे आणि चौदाव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून लोहगावला उतरणारी विमानं दिसतात, हे कळल्यावर मामांनी आंघोळ, नाश्ता, झोप हे तिन्ही कार्यक्रम रद्द केले आणि तिथे खुर्ची टाकली.

"आजोबा, म्हणजे तुम्ही ॲक्च्युअली बॉम्ब टाकायचे? सो कूल!" ऋता म्हणाली.

"मी नाही वो बाई. मी फक्त विमान चालू करून द्यायचो. काडतूस उडवून इंजिन सुरू व्हायचं. ढुम्म! काळा धूर! अन् मी बाजूले आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा."

"आणि आग लागली तर?"

"तर मी पहिला."

ऋताने ऑफिसला उशिरा येत असल्याचा निरोप टाकला आणि त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकली.

दुपारी साडेचारला आम्ही शनिवार पेठेत देवधरांच्या दारात होतो. देवधर सडसडीत, इस्त्रीच्या शर्टातले, मामांच्याच वयाचे. त्यांनी दार उघडलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "या ढोले. पाच मिनिटं उशीर आहे. पण त्याआधी पन्नास वर्षं उशीर झालेलाच आहे, त्यामुळे बोलत नाही."

आणि मग दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली, की देवधरांचा चष्मा मामांच्या खिशात गेला.

ही मऊ हवा सात मिनिटं टिकली. मग फोटो बाहेर आला.

"हा कान पाहा," मामा म्हणाले. "माझाच कान आहे."

"ढोले, हा कान हवाई दलाचा आहे. सगळ्यांचे केस एकच न्हावी कापायचा. सगळ्यांचे कान असेच बाहेर यायचे."

"अन् ह्या खांद्याचा उतार?"

"तो तुमचा असेल तर तुम्ही तेव्हा फारच सुदृढ होतात म्हणायचं. पुढे काय झालं?"

एका गोष्टीवर मात्र दोघांचं पूर्ण एकमत होतं: ती निरोपाची ओळ साफ चुकीची होती. "निरोप!" देवधर चिडून म्हणाले. "आम्ही काय स्टेशनवर पाहुणे सोडायला आलो होतो?"

मग त्यांनी मला नीट समजावलं. विमान जमिनीवर असताना चुकून चाकं मिटू नयेत, बॉम्ब सुटू नयेत, म्हणून जागोजागी लोखंडी पिना घालतात. प्रत्येक पिनेला एक लाल फीत, म्हणजे ती दुरूनही दिसावी. उड्डाणाआधी सगळ्या पिना काढायच्या, एका माणसाने वैमानिकाला दिसेल अशा जागी उभं राहायचं आणि मूठ वर करून फिती दाखवायच्या. वैमानिक वरून मोजतो, अंगठा दाखवतो, मगच विमान हलतं. एक जरी फीत कमी असली, तरी उड्डाण थांबतं. हात हलवून टाटा करणाऱ्याला तिथे कोणी उभं केलं नसतं.

"पिना दाखवल्या कोणी? मी," देवधर म्हणाले.

"मी!" मामा म्हणाले.

"काका, दोघांनीही कधी ना कधी दाखवल्या असतील ना?" मी विचारलं.

"असंख्य वेळा. पण या फोटोत मी आहे."

"मी आहे!"

चहा झाला. "साखर बेताची आहे, भांडण हवं तेवढं घ्या," असं यजमानच म्हणाले. दोघंही मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. माझ्या कामात असं होतं. कागद एक सांगतो, दुसरा कागद दुसरंच सांगतो आणि दोन्हींवर सह्या असतात. तेव्हा कागद मिटायचे, किल्ली घ्यायची आणि कपाट उघडून प्रत्यक्ष पाहायचं.

"पुण्यात ते विमान कुठे बघायला मिळेल?" मी विचारलं.

देवधरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. शहराबाहेर एका संस्थेच्या बागेत एक निवृत्त कॅनबेरा चौथऱ्यावर उभं होतं. परवानगीचा अर्ज त्यांनी त्याच वेळी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि कोणाला तरी फोनही लावला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं मटार उसळ आणि पावाचे स्लाइस खाऊन मंडईकडे गेलो. मला लाल फीत घ्यायची होती. मंडईशेजारच्या एका दुकानात मी लाल फीत मागितली.

"कशासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"बॉम्बर विमानासाठी," मामांनी मागून सांगितलं.

दुकानदाराने भुवईसुद्धा हलवली नाही. "मग तीन मीटर पुरेल. लहान मुलीच्या वेणीला दोन लागते."

फीत घेऊन वळते तर मामांच्या हातात दोन किलो पेरू! माझ्या यादीत पेरू नव्हते. मी काही बोलायच्या आत रिक्षात बसताना पिशवीचा तळ सुटला. मंडईच्या उतारावर पेरू निघाले आणि त्यांच्यामागे देवधर. "ढोले, तुमचा माल नेहमी लक्ष्याच्या अलीकडेच पडतो!" ते ओरडले. रिक्षावाला इतका हसला की त्याने मीटर टाकायला दोन चौक लावले.

विमान दिसलं आणि दोघेही एकमेकांना मागे टाकत त्याच्याकडे निघाले. बागेत, कापलेल्या हिरवळीवर, जेमतेम गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर ते उभं होतं. रंग नवा, काचा आंधळ्या, चाकं सिमेंटात रुतवलेली. शेजारी पाटी: "विमानावर चढू नये. ते उडणार नाही, तुम्ही पडाल." मामांनी विमानाच्या पोटावर तळहात ठेवला, जसा आपण गोठ्यातल्या जनावरावर ठेवतो, तसा. मग एकदम वळून म्हणाले, "देवधर! टायरमध्ये हवा कमी आहे."

"ढोले, टायरमध्ये सिमेंट आहे."

"मग बरोबर आहे."

इथून पुढे दोघांचं वय सोळा झालं. पोटात सहा बॉम्ब मावायचे म्हणून त्यांनी पोटाखाली सहा पेरू ओळीने मांडले. पहारेकरी तपासायला आला. साठीतला, साताऱ्याकडचा माणूस. त्याने सगळी हकिकत ऐकली, एक बॉम्ब उचलला, पुसला आणि खाऊन टाकला. "आता पाच," म्हणाला. मी त्याला कामाला लावलं. फोटो जिथून काढला होता, त्या जागी त्याला माझा मोबाइल घेऊन उभं केलं. मी फितीचे तुकडे करून पर्समधल्या पाच सेफ्टी पिनांना बांधले. देवधर म्हणाले, आधी मी उभा राहतो, कोनावरून पटेल. मामा म्हणाले, आधी मी. नाणेफेक झाली. नाणं पेरूंमध्ये पडलं. पुन्हा वाद.

अकरा वाजून गेले होते. मी फिती विमानाच्या नाकापुढे, फोटोतल्या माणसाच्या जागी गवतावर ठेवल्या, चौथऱ्याच्या पायरीवर चढले आणि आदल्या दिवशी मामांनी शिकवलेली, इंजिन सुरू करण्याची आरोळी कंटाळून ठोकली: "क्लिअर टू स्टार्ट!"

मला वाटलं होतं, दोघं फितींवर झडप घालतील.

ऐंशी वर्षांचे मामा फितींकडे न पाहता, लंगडत पण पळत, डाव्या इंजिनाच्या बाजूला गेले. वाटेत त्यांनी माळ्याची पाण्याची झारी उचलली आणि ती छातीशी धरून ताठ उभे राहिले. देवधर उलट दिशेने पंखाखाली शिरले, चाकापाशी वाकले आणि तिथे नसलेला चोक (चाकापुढे अडकवायचा लाकडी ठोकळा) दोन्ही हातांनी ओढू लागले. दोघंही आपापल्या जागी पोचले होते. फितींजवळ वाऱ्याखेरीज कोणी नव्हतं.

पहारेकऱ्याने मोबाइलमधून पाहिलं, मान बाजूला काढून प्रत्यक्ष पाहिलं आणि हाक मारली, "अवो ताई! फोटूत कुणीच न्हाई!"

मामा झारी धरून तसेच उभे. देवधर वाकलेले, तसेच. मग मामांचा हळू आवाज आला.

"देवधर... इथे कोण उभा राहायचा बे?"

देवधरांनी तो नसलेला चोक खाली ठेवला. मग पंखाखालून उत्तर आलं. "खांदवे."

"ज्ञानू!" मामा ओरडले. "ज्ञानू खांदवे! आपल्या विमानावर तो एकच हिवाळा होता नं!"

"एकच. मग वडील गेले म्हणून नोकरी सोडून शेतीवर गेला." देवधर कण्हत सरळ झाले. त्यांचा शर्ट मळला होता आणि त्यांना पर्वा नव्हती. "ढोले, आपण दोन महिने कुणाच्या पाठीसाठी भांडलो?"

मामांना हसू आलं. मग देवधरांना आलं. मग दोघांना एकमेकांचं हसू पाहून आलं. शेवटी मामा चौथऱ्यावर बसले, देवधर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि पहारेकऱ्याने काळजीने माझ्याकडे पाणी आणून दिलं. मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. सहाला सहा तास वीस मिनिटं बाकी होती.

"हा खांदवे कुठला?" मी विचारलं.

"लोहगावचाच! तळाच्या भिंतीला लागून रान होतं त्याचं."

जेवण पुढे ढकलून आम्ही लोहगाव गाठलं. रान आता नव्हतं. त्या जागी सात मजली इमारत होती. आम्ही एका किराणा दुकानात विचारलं आणि माणसाने बोट दाखवलं. इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधे, एक म्हैस रवंथ करत बांधलेली होती आणि तिच्याजवळ बाजेवर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं. डोळे बारीक केले.

"देवधर हाय नव्हं?" ते म्हणाले. "आन् ह्यो वऱ्हाडी ढोल्या. रोज हितं डोक्यावरनं इमानं उतरत्यात. तुमीच तेवढं उतारला न्हाईत."

त्यानंतर कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. तिघं एकाच वेळी बोलत होते आणि म्हैस मधे हंबरत होती. खांदव्यांच्या सुनेने आम्हाला घरात नेऊन पिठलं-भाकरी वाढली. मी जेवता जेवताच कामाचं विचारलं, "खांदवेकाका, पिना दाखवतानाचा एक फोटो होता..."

"हाय की. त्यो बगा." त्यांनी भाकरीच्या हाताने भिंत दाखवली. "फोटू काडनाऱ्यानं मला दिल्याला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही आम्हाला?" देवधर म्हणाले.

"मला कुनी इच्यारलं? तुमी बुक काडताय ह्येच मला आत्ता कळतंय."

ते उठून फोटोपाशी गेले. "ह्या पाच पिना. इमान गेलं की ह्या खाली ठेवायच्या न्हाईत, ते परत आल्यावरच हातातनं सोडायच्या, असा माजा नेम. सरकारी न्हवं, माजाच. त्या दिशी इमानाला लई उशीर झाला. तुमी दोगं गप झाला हुता. मी मुठ्ठी सोडली न्हाई. मग उतारलं. हात वळून गेल्ता, ढोल्यानं एकेक बोट उगडलं माजं."

मामांनी खांदव्यांचा हात घेतला आणि एकेक बोट सरळ करून पाहिलं. "सगळी आहेत," म्हणाले.

आता माझं लक्ष फोटोकडे गेलं. हा फोटो पुस्तकातल्यापेक्षा रुंद होता. पुस्तकातली प्रत कोणाच्या तरी अल्बममधली; पानात बसवायला तिच्या दोन्ही कडा कापलेल्या. इथे त्या शाबूत होत्या. उजव्या कडेला, धुराच्या लोटाखाली, काहीतरी काळं होतं. मी फ्रेम भिंतीवरून उतरवली.

"मामा, हा कोणाचा बूट?"

मामांनी नाक काचेला लावलं. "माझा!" ते किंचाळले. "माझा बूट! अन् हे नळकांड्याचं टोक! मंदे, मी आहे! इतिहासात माझा बूट आहे!"

देवधर मान वळवून डावी कड बघत होते आणि हळूहळू लाल होत होते. तिथे चाकाजवळ एक जण पूर्ण वाकलेला होता. तोंड चाकाकडे. आपल्याकडे त्याची जी बाजू होती ती अगदी स्पष्ट, मध्यभागी उजेडात आली होती.

"ह्ये कोन?" खांदवे निरागसपणे म्हणाले. "देवधर, तुमी का?"

"इस्त्री नीट आहे," देवधर गंभीरपणे म्हणाले, "एवढं तरी मान्य करा."

पावणेसहाला मी लेखकसाहेबांना फोन लावला. फोटोचा फोटो आधीच पाठवला होता. बोलायचं मामांनी. ते उभे राहून, टाचा जोडून बोलले. "साहेब, कॉर्पोरल ढोले. नाव लिहून घ्या. ज्ञानोबा खांदवे. खांदवे, साहेब. नाही, मी नाही. देवधरही नाही. आम्ही दोघं चुकलो." मग थोडं थांबून, "साहेब, अन् कडा कापू नका. आम्ही कडेले आहोत." पलीकडून हसण्याचा असा स्फोट झाला की मोबाइल मामांच्या हातात थरथरला. ओळ साहेबांनी वाचून दाखवली, तिघांनी मान्य केली. पाच वाजून बावन्न मिनिटं. मी वहीत बरोबरची खूण केली.

रविवारी निघताना देवधर आणि खांदवे, दोघंही स्टेशनवर आले होते. देवधरांनी खांदव्यांना आपल्याशेजारी उभं केलं होतं आणि रिक्षात आपला शर्ट म्हशीच्या वासाचा झाला, ही तक्रार ते अत्यंत आनंदाने करत होते. गाडी हलल्यावर मामांनी समोरच्या प्रवाशाला सगळी गोष्ट सांगितली. अहमदनगर येईपर्यंत ती तीनदा सांगून झाली होती. दर वेळी बूट थोडा मोठा झाला.

सामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईला एक सवय असते: वस्तू कोणाच्या ताब्यात होती, हे एका नावाने लिहायचं. या दोन दिवसांत मला कळलं की एका विमानाच्या उड्डाणाला एक नाव पुरत नाही. पुस्तक आता आलं आहे. एकशे अठ्ठ्याहत्तराव्या पानावर, पूर्ण रुंदीच्या फोटोखाली, छापलं आहे: "वैमानिकाला पिना दाखवताना ज्ञानोबा खांदवे. डावीकडे देवधर, कामात. उजवीकडे वसंत ढोले (बूट)." मामा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे ते पान उघडून ओळीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "यात मी आहे. शोधा." कोणालाच सापडत नाही. पाच मिनिटं ते श्वास रोखून, अगदी सुखात, वाट पाहतात. मग हात उचलतात.